आधी हात सोडायचा

नरसिंगअण्णांशी हात मिळवणं ही एक छोटी परीक्षाच असायची. सुई टोचून टोचून खरखरीत झालेला आपला रुंद पंजा ते पुढे करायचे, आपला हात त्यात गेला की जरा थांबायचे, आणि मग निकाल सांगायचे. माझा निकाल पहिल्याच भेटीत लागला. "मास्तर, लई आवळताय," ते म्हणाले. मी शाळेच्या दप्तराची चेन दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो, माझ्या पकडीबद्दल कुणी मत द्यावं अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. मी थोडा रागावलोच. आज अण्णा नाहीत, आणि कुणाशीही हात मिळवताना माझी बोटं आपोआप सैल पडतात.

सोलापुरात कन्ना चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं ताडपत्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. ट्रकच्या ताडपत्र्या, मांडवाची कापडं, रिक्षाचे हूड असं काहीही जाड कापड ते शिवायचे. मूळ घराणं विणकरांचं. वडील चादरींच्या मागावर आणि अण्णाही वयाच्या दहाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत तिथेच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि समोरच्या गादीवाल्याशी दखनी. तिन्ही भाषांत ते कमीच बोलायचे. बोलायची सगळी हौस त्यांच्या हातांना होती. कापड हातात घेतलं की अंगठ्याने चोळत ते कुठे विरलंय हे डोळे मिटून सांगायचे.

पाण्यावरच्या पतंगाशी त्यांची गाठ पडली ती या कापडामुळेच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, केमच्या पुढे करमाळ्याच्या बाजूला, पुण्याची चारपाच मुलं पावसाळ्यातल्या वाऱ्यात पतंग घेऊन यायची. हा पतंग संक्रांतीचा नव्हे. खोलीएवढा मोठा, पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, त्यामुळे पाण्यात पडला तरी बुडत नाही. त्याला चार लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या शेवटी हातात धरायची दांडी. शिवाय हे सगळं माणसाच्या कंबरेच्या पट्ट्याला अडकवलेलं आणि पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला, आणि माणूस पाण्यावरून घसरत जातो. दांडी जवळ ओढली की जोर वाढतो, सोडली की जोर जातो. खेळ एवढाच आहे, आणि एवढ्यातच माणसाची सगळी फजिती होते.

त्या मुलांचा एक पतंग बाभळीत फाटला. कुणीतरी त्यांना सोलापूरला अण्णांकडे पाठवलं. अण्णांनी तो असा शिवला की जोड शोधून सापडेना. आणि मग हे कापड नेमकं करतं काय ते बघायला पुढच्या रविवारी स्वतः टेम्पो घेऊन गेले. तेव्हा त्यांचं वय शेहेचाळीस होतं. पोहता येत होतं ते विहिरीतलं. त्यांची बायको पद्मक्का म्हणायची की त्या रविवारी माणूस कापड द्यायला गेला आणि परत आलाच नाही, घरी आला तो दुसराच कुणीतरी.

पहिल्या दोन महिन्यांत अण्णांनी जेवढी आपटी खाल्ली तेवढी त्या मुलांनी मिळून खाल्ली नसेल. याचं कारण त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. मागावर उभा धागा तुटला की त्याचं टोक आधी पकडायचं असतं. सुटलं तर ते फणीतून मागे सरकतं, मग शोधत बसावं लागतं, तोवर कापडात चीर पडते. वडिलांनी हे त्यांना बोलून शिकवलं नव्हतं, चापटी मारून शिकवलं होतं. तीस वर्षांत तो हात असा तयार झाला की काही बिघडलं, काही सुटतंय असं वाटलं, की डोक्याला कळायच्या आत मूठ मिटायची. पाण्यात नेमकं हेच घातक. पडल्यावर दांडी घट्ट धरली की पतंगाचा जोर वाढतो, तो गरागरा फिरतो आणि प्रत्येक फेरीला माणसाला फरफटत नेतो. अण्णांना त्याने तीन फेऱ्यांत बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत नेऊन टाकलं. दोन बरगड्या मोडल्या. स्वतः शिवलेला पतंग स्वतःच फाडला याचं दुःख मात्र त्यांना बरगड्यांपेक्षा जास्त झालं.

दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. अण्णांनी दुकानाच्या छताला हूक मारला, त्याला एक जुनी दांडी टांगली आणि रोज सकाळी दुकान उघडलं की तिच्याखाली उभे राहायचे. दोन्ही हातांनी ती आवळून धरायची आणि मागे पडद्याआड पद्मक्का उभी. ती मनाला येईल तेव्हा स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटायची. खणकन आवाज झाला की अण्णांची बोटं उघडलीच पाहिजेत. गिऱ्हाइकं ताडपत्री घेऊन दारात उभी, समोर हा गृहस्थ छताला लोंबकळतोय आणि आतून ताटली वाजतेय. गल्लीत बातमी पसरली की अण्णांच्या अंगात येतं. पद्मक्काला या कामाची इतकी गोडी लागली की ती भाजी चिरता चिरताही मधूनच ताटली वाजवायची, आणि अण्णांच्या हातातून कात्री खाली पडायची. हे सहा महिने चाललं. पण मागावरचा हात त्यांनी मोडला. पुढे पुण्याची मुलं नोकऱ्यांना लागली आणि येईनाशी झाली, तेव्हा एक जुना पतंग अण्णांकडे राहिला. मग रविवारी येईल त्याला ते शिकवू लागले.

मी गेलो तो सहज बघायला. गणिताचा मास्तर, वय एकेचाळीस, पोट सुटलेलं. चौथ्या रविवारी फळीवर उभा राहिलो आणि सातव्या रविवारी माझी वेळ आली. श्रावण होता, पाणी गढूळ. वाऱ्याचा एक झोत असा आला की मी वर उचललो गेलो आणि पाठीवर आपटलो. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे मातकट अंधार, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. आणि माझ्या मुठी दांडीवर गच्च. जगात तेवढी एकच गोष्ट घट्ट होती, ती मी कशी सोडणार? पतंगाने मला उपसून बाहेर काढलं, फेरी मारली आणि पुन्हा आत टाकलं. पुन्हा उपसलं, पुन्हा टाकलं. आपण मरणार हे मला तेव्हा अगदी शांतपणे कळलं होतं.

आणि काठावरून ताटलीचा आवाज आला. अण्णा डब्यातली ताटली टेम्पोच्या दारावर जीव खाऊन आपटत होते. पहिले तीन रविवार काठावर उभं करून त्यांनी हीच ताटली वाजवत माझ्याकडून दांडी सोडवून घेतली होती, आणि मला तो पोरखेळ वाटला होता. आवाज ऐकला आणि माझी बोटं उघडली. दांडी दोरावरून वर सरकली. ओढ गेली. पतंग लांबवर पाण्यावर उताणा पडला. एकदम सगळं शांत झालं. मी तरंगत होतो आणि श्वास घेत होतो.

काठावर अण्णा दोन्ही तळवे उघडे करून उभे होते. त्यांचं एक ठरलेलं होतं. आधी सोडायचं, मग बघायचं, ओढायचं सगळ्यात शेवटी, आणि तेही हळू. मी बघितलं. पतंग कुठे आहे, दोऱ्या पायात अडकल्यात का, दांडी उलटी तर नाही. लाल टोक डाव्या हाताला यायला हवं, ते उजवीकडे होतं. मी ती फिरवून घेतली. मग एकाच बाजूची दोरी थोडी ओढून धरून ठेवली. पतंग एका टोकावर कलला आणि वाऱ्याबरोबर हळूहळू कडेला सरकायला लागला. मला घाई झाली होती, अण्णांचे तळवे मात्र तसेच उघडे. मी थांबलो. पतंगाने पाणी झटकलं आणि आपणहून वर चढला.

काठावर आल्यावर मी लहान मुलासारखा रडलो. अण्णांनी पाठीवर टॉवेल टाकला आणि विचारलं, शाळेत पोरांचे कानपण असेच धरता काय. मग चहा पिताना म्हणाले, "सोडलं म्हणजे तुटलं न्हाय, मास्तर. हात सोडला तरी कंबरेला अडकवल्यालं असतंय की."

हे वाक्य ते प्रत्येकाला सांगायचे. घरी मात्र ते त्यांना लागू करता येत नव्हतं, आणि त्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच होतं.

त्यांना एकच मुलगी, लावण्या. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती हिशेबनीस होती. तिथल्याच बसवराज नावाच्या अक्कलकोटच्या मुलाशी तिने लग्न केलं, नोंदणी करून, आणि घरी सांगितलं ते झाल्यानंतर. अण्णांचा राग जातीवर नव्हता, मुलगा कानडी बोलतो यावरही नव्हता. मला आधी सांगितलं नाही, एवढंच ते म्हणायचे. पण ते सैरभैर झाले, आणि सहा महिने खपून मोडलेला मागावरचा हात परत आला. त्यांनी नातेवाईक पाठवले, निरोपांवर निरोप दिले. घरी ये, इथे आपल्या पद्धतीने पुन्हा लग्न कर, मग जा. दर निरोपाला ती थोडी आणखी लांब गेली. शेवटी एका संध्याकाळी ते कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पाळी सुटली, ती बाहेर आली, आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं. ती सोडा म्हणाली. त्यांनी सोडलं नाही. बसवराजने येऊन बोटं उकलली तेव्हा सुटलं. मनगटावर वळ उठले होते. अण्णांनी तिथेच सांगितलं की आजपासून तुझं तोंड बघायचं नाही मला.

हे मला पद्मक्काने सांगितलं. तिने एकदा त्यांना म्हटलंही होतं, "पाण्यात लोकांना काय शिकवता तुमी, तेच हितं करा की." त्यावर अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. चार वर्षं गेली. पद्मक्का चोरून फोन करायची. अण्णांना ते ठाऊक होतं. ती फोनवर असली की ते दुकानात मशीन जोरात चालवायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं दोघांनाही म्हणता यावं.

माझी आपटी झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रविवारी परत येताना केमजवळ रेल्वेचं फाटक लागलं होतं. टेम्पो बंद करून आम्ही गाडीची वाट बघत होतो. अण्णा समोर बघत म्हणाले, "कंबरेला अडकवल्यालं हाय हे पाण्यात कळतंय, मास्तर. घरात न्हाय कळत. घरात वाटतं, सोडलं की गेलं." मग त्यांनी सांगितलं की गुरुवारी तिला सुट्टी असते, गुरुवारी फोन करणार. घरी बोलू नका, पद्माला मी स्वतःच सांगेन. आणि मग, मला आजही नवल वाटतं, ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की तुम्ही जरा लावण्या व्हा.

मी लावण्या झालो. कानाला हात लावून हॅलो म्हणालो. अण्णांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "एट्लुन्नव, बिड्डा?"

अर्थ मी विचारला. कशी आहेस, बाळा, एवढाच. पुढे काय बोलणार, असं विचारलं तर म्हणाले की पुढे ती बोलेल, आपण दांडी सोडलेली. त्यांनी ते वाक्य माझ्याकडूनही दोनदा म्हणवून घेतलं, माझे उच्चार ऐकून हसले, तेवढ्यात गाडी धडधडत गेली आणि फाटक उघडलं.

मंगळवारी सकाळी अण्णा मशीनवरच कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

दवाखान्यात मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा पद्मक्का एकटीच होती. लावण्या येऊन जाते असं तिने सांगितलं आणि मला हायसं वाटलं. बापलेक भेटले, म्हणजे आता कुणी काही सांगायची गरज उरली नाही, असं मी धरून चाललो. शाळेत घटक चाचणीचे गठ्ठे आले होते. पुढचे तीन आठवडे मी गेलोच नाही. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

गेलो तेव्हा त्यांना घरी आणलं होतं. दुपारची वेळ होती. दुकानात, छताला टांगलेल्या त्या दांडीखाली, शिलाई मशीनच्या स्टुलावर तिशीची एक बाई बसली होती. पायाशी तेलाची बाटली आणि पिशवी. मी ओळखलं. आत का नाही बसत, असं सहज विचारलं तर म्हणाली की आत जात नाही. महिनाभर ती रोज अक्कलकोटहून येत होती, दवाखान्यात वॉर्डाबाहेर बसली आणि इथे पडद्याबाहेर. आईला स्वयंपाकाला मदत करायची, औषधं आणायची, वडिलांना झोप लागली की पडद्याच्या फटीतून बघायची. तोंड बघायचं नाही म्हणाले होते ते. आता बोलता येत नाही, नको म्हणायचं झालं तरी कसं म्हणतील, त्यांच्या अशा अवस्थेचा मी फायदा कसा घेऊ, असं ती म्हणाली. डॉक्टरांनीही मनाला धक्का बसेल असं काही नको म्हणून सांगितलेलं.

तेवढ्यात आतून ताटलीचा आवाज आला. खणकन. मग पुन्हा. मी पडदा सारून आत गेलो. अण्णा खाटेवर होते, अर्धे झालेले. उजव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली, नखं तळव्यात रुतत होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की मूठ रोज उघडायला हवी, नाहीतर तशीच राहील. पद्मक्का ताटली आणि चमचा घेऊन उशाशी उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आवाज केला की सोडत होते ओ, मास्तर." तिने आणखी एकदा आपटली. अण्णांचे डोळे ताटलीकडे गेले. त्यांना सगळं आठवत होतं, कळत होतं, त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मूठ तशीच राहिली.

मी बाहेर आलो. लावण्यासमोर उभा राहिलो आणि केमच्या रेल्वे फाटकाजवळची सगळी हकीकत सांगितली. गुरुवारचं, फोनचं, मला तिची जागा घ्यायला लावली त्याचं. मग तिने विचारलं की नक्की काय म्हणणार होते. मी ते माझ्या वेड्यावाकड्या उच्चारात म्हणून दाखवलं. "एट्लुन्नव, बिड्डा?"

तिला आधी हसू आलं. मग ते हसू मोडलं आणि ती तोंडावर पदर धरून बराच वेळ रडली. अजून काय म्हणाले, तिने विचारलं. एवढंच, मी सांगितलं. पुढचं तू बोलणार होतीस.

दहा दिवसांनी अण्णा गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं ते शेवटच्या वाटेला लावतानाच, आणि ते पाहणं मी धरत नाही. माझं शेवटचं पाहणं त्या दुपारचं.

लावण्या आत गेली आणि खाटेच्या कडेला बसली. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. तिने काही विचारलं नाही, फोन उचलल्यासारखं सरळ उत्तरच दिलं, "मंचिगुन्न, नायना." बरी आहे, बाबा. अण्णांच्या घशातून एक आवाज आला, त्याला शब्द म्हणता येणार नाही. मग तिने तळहातावर तेल घेतलं आणि ती मूठ मांडीवर घेतली. जोर केला नाही. करंगळी चोळत चोळत सरळ केली, थांबली, मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा शेवटी सुटला. तळव्यात नखांच्या चार खुणा काळ्या पडल्या होत्या. त्या तिने पुसल्या आणि त्या उघड्या हातात आपलं मनगट ठेवलं.

हात पुन्हा मिटत गेला, मिटणारच होता. पद्मक्का घाबरून पुढे झाली आणि म्हणाली, काढून घे, आवळतील. लावण्याने मान हलवली.

"असू दे अम्मा," ती म्हणाली. "दुखत न्हाय."

मी चपला घालून मागे वळून पाहिलं. पडदा बाजूला सारलेला होता. ती तशीच बसून होती आणि डाव्या हाताने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होती.